नाराज कार्यकर्त्याची वही

सोलापूर महानगरपालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. त्याआधीची झाली होती २१ फेब्रुवारी २०१७ ला. मार्च २०२२ मध्ये जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हता, कारभार प्रशासकाकडे होता. एवढ्या मोठ्या खंडानंतर उमेदवार ठरतो, तेव्हा कार्यकर्त्याने त्याच्याकडून फार अपेक्षा धरलेल्या असतात. मग तिकीट जाहीर होतं, प्रचार सुरू होतो आणि आठवडाभरात बूथवरच्या निम्म्या माणसांचं तोंड उतरलेलं दिसतं. शब्द दिलेला पाळला नाही, पाण्याच्या मोर्चाला आला नाही, ज्याच्यावर पाच वर्षं टीका केली त्याच्याच पॅनेलमध्ये जाऊन बसला, फोन उचलत नाही. तक्रारी खऱ्या असतात. तरीही समोरच्या तिघा-चौघांपेक्षा हाच बरा, हेही खरं असतं.

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर घरी बसतात, नाहीतर डोळे मिटून घोषणा देत राहतात. मतदार यादी फोडणारे, चिठ्ठ्या वाटणारे, केंद्रावर दिवसभर बसणारे आम्ही लोक तिसरी एक पद्धत वापरत आलो आहोत. ती जमते, पण तिला शिस्त लागते, आणि ती उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीपासून सुरू करावी लागते. मनातला राग कागदावर मांडून मोजला, तर त्याचं काम करून घेता येतं. मनातच ठेवला, तर ऐन मतदानाच्या दुपारी तो बाहेर पडतो.

साधी दोनशे पानी वही घ्यायची. डाव्या पानावर उमेदवाराने दिलेला शब्द, तारीख, जागा आणि तो ऐकणारी दोन माणसं. उजव्या पानावर पुढे काय झालं ते. "रस्ता करतो म्हणाला" असं लिहून भागत नाही. कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, डांबरी की काँक्रीट, ड्रेनेजची लाइन आधी टाकणार की नंतर, हे लिहायचं. शब्द मोघम असेल तर तो मोडला का, हेही कधी कळत नाही. वही एकाच्या घरी ठेवायची, पण दर आठवड्याला तिघांनी मिळून वाचायची. एकट्याने लिहिलेल्या वहीत स्वतःची नाराजीच जास्त उतरते.

अर्ज दाखल झाले की शपथपत्र वाचायचं. ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे जाहीर होतं, कुणालाही पाहता येतं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं त्यात असतं. आपल्याच उमेदवाराचं शपथपत्र वाचलेला कार्यकर्ता दहात एखादा सापडतो, आणि मग दारात मतदाराने पहिला प्रश्न टाकला की त्याची बोबडी वळते. दाखल गुन्हे कसले आहेत ते बघा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा वेगळा, फसवणुकीचा वेगळा, मारहाणीचा वेगळा. आपल्याला जे खटकतं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याआधी आपण वाचलेलं असावं.

यानंतरचं काम सगळ्यात अवघड. वहीतल्या प्रत्येक तक्रारीपुढे ती कशामुळे आहे ते लिहायचं. स्वभावामुळे, आवाक्यामुळे की हेतूमुळे? ही तिन्ही एकाच रागाच्या पोत्यात भरली की निर्णय चुकतो.

स्वभाव म्हणजे उशिरा येणं, पटकन चिडणं, सभेत धड बोलता न येणं, नमस्काराला नमस्कार न करणं. त्रास होतो, पण शहराचं फारसं बिघडत नाही. यावर एक पानही खर्च करू नका.

आवाक्याचा प्रश्न सोलापुरात पाण्यावर येऊन ठेपतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर. वर्षानुवर्षं शहराच्या बऱ्याच भागाला चार-पाच दिवसांआड पाणी मिळत आलं आहे. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवार "रोज पाणी" म्हणतो, आणि पाच वर्षांनी त्याच एका वाक्यावर तो नापास होतो. पण नळाला पाणी कुठून येतं ते बघा. भीमेवरच्या उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी, पाकणीचं जलशुद्धीकरण केंद्र, शिवाय टाकळीचा उपसा आणि हिप्परग्याचा तलाव. दिवसाला १७ कोटी लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी स्मार्ट सिटीच्या काळात हाती घेतली गेली. एवढं पाणी शहरात आणलं तरी पुढे जलकुंभ, अंतर्गत जुन्या लाइन आणि व्हॉल्व्ह. यातलं धरण, मुख्य जलवाहिनी, वीजपुरवठा काहीच एका नगरसेवकाच्या हातात नसतं. म्हणून "रोज पाणी" हा शब्द त्याने मोडला याचा राग धरण्यापेक्षा तो त्याने मुळात का दिला, हे त्याला प्रचार सुरू होण्याआधी बसवून विचारायचं, आणि पत्रकातून ते वाक्य काढायला लावायचं. आमच्या अनुभवात हे अर्ध्या तासाच्या बैठकीत होतं, फक्त ती बैठक पत्रक छापायला जाण्याआधी व्हावी लागते. छापून झाल्यावर कुणी ऐकत नाही.

त्या वाक्याच्या जागी काय घालायचं? नगरसेवकाच्या हातात जे आहे ते. आपल्या गल्लीचा पाण्याचा दिवस आणि वेळ आधी कळवणं. रात्री दीडला सुटणारं पाणी पहाटेकडे सरकवण्यासाठी झोनच्या अभियंत्यामागे लागणं. चावीवाल्याने कोणत्या व्हॉल्व्हला किती वेळ दिला त्याची नोंद मागणं. ड्रेनेजची लाइन पाण्याच्या लाइनला जिथे मिळाली आहे ती जागा खोदून दुरुस्त करून घेणं. उंचवट्यावरच्या शेवटच्या दहा घरांना दाब का मिळत नाही ते तपासणं. ही पाच कामं वहीत लिहिली, तर पाच वर्षांनी आपला माणूस पास की नापास ते सांगता येतं.

हेतूचा प्रश्न वेगळाच. हातात होतं आणि मुद्दाम केलं नाही, किंवा केलं ते स्वतःच्या माणसाला काम मिळावं म्हणून केलं. गटारीची तक्रार तीनदा दिली, चौथ्यांदा कळलं की ठेकेदार त्याचाच नातेवाईक आहे. इथे वहीत लाल शाई वापरायची.

आणि याच बैठकीत, डोकं थंड असताना, रेषा ठरवायच्या. काय झालं तर साथ सोडायची ते लिहून, सगळ्यांनी खाली सही करायची. आमच्या वहीत तीनच आहेत. त्याच्या तोंडून किंवा त्याच्या मान्यतेने जातीधर्मावरून भडकवणारं भाषण, मतांसाठी पैसे वाटणं, आणि कुणाला, विशेषतः बाईमाणसाला, धमकावणं. तीनच, कारण दहा रेषा आखल्या तर त्यातल्या आठ पुसल्या जातात. या गावात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे एकाच गल्लीत राहतात. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांची नावं इथलं शेंबडं पोरही एका दमात म्हणतं. पहिली रेषा आमच्यासाठी त्या चार नावांपासून सुरू होते. प्रचार ऐन भरात आल्यावर रेषा आखायला बसलात, तर ती आपोआप उमेदवाराच्या पुढे पुढे सरकत जाते.

तिकीटवाटपाच्या दिवसाबद्दल थोडक्यात. पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणारे ए आणि बी फॉर्म अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पोहोचावे लागतात, म्हणून सगळा गोंधळ त्या दिवशी सकाळी होतो. ज्याच्यासाठी राबलो त्याला डावलून दुसऱ्याला फॉर्म मिळाला, तर त्या दिवशी काहीही ठरवू नका. माघारीच्या मुदतीपर्यंत थांबा. यंदा अर्ज ३० डिसेंबरपर्यंत होते, माघार २ जानेवारीला आणि चिन्हवाटप ३ जानेवारीला. त्या तीन दिवसांत निम्मी बंडखोरी विरते, आणि चिडून बोललेला शब्द मात्र गावात राहतो.

आता यादी. महापालिकेची मतदार यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची यादी प्रभागनिहाय फोडली जाते. त्यामुळे नाव नसेल तर या टप्प्यावर नवीन घालता येत नाही. चुकून शेजारच्या प्रभागात गेलेलं नाव मात्र हरकत घेऊन परत आणता येतं, तेही प्रारूप यादीवरच्या हरकतींच्या मुदतीतच. या वेळी दुबार असण्याची शक्यता असलेल्या नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदाराला आधीच भेटून तो कोणत्या केंद्रावर मत देणार हे हमीपत्रावर लिहून द्यायला सांगायचं, नाहीतर केंद्रावर वाद होतो आणि तो मत न देता परत जातो.

नाराज कार्यकर्त्याने यादीचं काम घ्यावं, हा आमचा ठाम आग्रह. कारण यादीचं काम उमेदवाराची स्तुती न करता करता येतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त उपयोगही तिथेच होतो. व्यासपीठावर उभं राहून ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचे गोडवे गायला लागले की माणूस आतून कुरतडला जातो, आणि चौथ्या दिवसापासून यायचा बंद होतो.

हिशोब असा बसतो. एका केंद्रावर ९०० नावं धरा. घरटी चार धरली तर सव्वादोनशे घरं. एका घराला सहा-सात मिनिटं, मधलं चालणं धरून संध्याकाळच्या तीन तासांत दोघांची जोडी वीस-बावीस घरं करते. म्हणजे अकरा संध्याकाळी. चिन्ह मिळाल्यापासून प्रचार थांबेपर्यंत यंदा एवढेच दिवस होते, आणि त्यातली एक-दोन संध्याकाळ पदयात्रेत जातेच. त्यामुळे चिन्हाची वाट बघत बसलेला बूथ कधीच पूर्ण होत नाही. पहिली फेरी चिन्हाशिवाय, फक्त यादी तपासायला काढायची. मयत, लग्न होऊन गेलेली, भाड्याचं घर सोडून गेलेले, आणि आपल्याकडचा मोठा गट म्हणजे कामाला पुण्याला गेलेली पोरं. त्यांच्यापुढे "पुणे" लिहून घरच्यांकडून फोन नंबर घ्यायचा. मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सिद्धेश्वरांच्या यात्रेतच आल्यामुळे यंदा बरीच पोरं गड्ड्याच्या, म्हणजे त्या यात्रेतल्या जत्रेच्या, निमित्ताने गावातच होती. दर वेळी तसं नसतं.

वेळ पाहून जायचं. पाणी येण्याच्या दिवशी त्या गल्लीत पाऊल टाकू नये. बाई बादल्या, पिंप, टाकी भरत असते आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ती जे बोलते ते उमेदवाराच्या खात्यावर जमा होतं. पूर्व भागात, विडी घरकुलाकडे, विडी करणाऱ्या बायका माल देऊन परत आल्या की जरा मोकळ्या असतात, पण हात सुपात असतोच. तिथे उभ्याने भाषण देण्यापेक्षा खाली बसून बोलावं. यंत्रमागावरचा माणूस पाळी सुटल्यावरच भेटतो. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे नोकरदार जास्त, तिथे रात्री आठनंतर. जोडीतला एक जण त्या घरची भाषा बोलणारा असावा. "अक्का" म्हणून तेलुगूत दोन वाक्यं बोललेला पोरगा जे ऐकून येतो, ते दुसऱ्या दहा जणांना कुणी सांगत नाही.

दारात तक्रार आली तर काय करायचं, यावरच सगळी पद्धत उभी आहे. "चार वर्षं कुठं होता तुमचा भाऊ?" हा प्रश्न ठरलेलाच. त्यावर उमेदवाराची वकिली सुरू केली की दार मनाने बंद होतं. आम्ही तीन पायऱ्या ठेवल्या आहेत. आधी खरं असेल ते कबूल करायचं, दोन वाक्यांत. "मोर्चाला आले नाहीत, बरोबर आहे. आम्हालाही ते पटलेलं नाही." मग वहीतलं एक झालेलं काम जागेसह सांगायचं, एकच. आणि शेवटी विचारायचं, "तुमच्या गल्लीचं एक काम सांगा, आम्ही लिहून घेतो." आणि खरंच लिहायचं, त्यांच्यासमोर. या तिसऱ्या पायरीवर कार्यकर्ते चुकतात. "होऊन जाईल" म्हणतात. उमेदवाराच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार आपल्याला नाही. लिहून घ्यायचं, पोहोचवायचं, एवढंच सांगायचं. आपण दिलेला खोटा शब्द पुढच्या निवडणुकीत आपल्याच दारात उभा असतो.

आणखी एक चूक म्हणजे घोळका. बाराजण झेंडे घेऊन दारात गेले की घरचा माणूस हात जोडतो, हसतो आणि काहीच बोलत नाही. पदयात्रा दाखवण्यासाठी असते, ऐकण्यासाठी दोघेच लागतात.

चार मतांचा पेच वेगळा समजून घ्यावा लागतो. सोलापुरात २६ प्रभागांत १०२ जागा आहेत. २४ प्रभाग चार सदस्यांचे, दोन तीन सदस्यांचे. म्हणजे बहुतेक मतदाराला अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबायची असतात. मतपत्रिकेचे रंग वेगळे असतात, अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. आपला उमेदवार ब मध्ये असेल आणि पक्षाने क मध्ये ज्याला उभं केलं त्याला मत द्यायला आपलीच जीभ रेटत नसेल, तर? पक्ष म्हणतो पॅनेल टू पॅनेल, म्हणजे चारही मतं पक्षाच्याच चौघांना. आम्ही पॅनेलच्या बैठकीत आधीच स्पष्ट सांगतो की आमची जोडी गुलाबी मतपत्रिकेबद्दलच बोलेल, बाकी तिघांबद्दल वाईट बोलणार नाही आणि चांगलंही बोलणार नाही. नेत्याला राग येतो. पण लपूनछपून उलटा प्रचार करणाऱ्यापेक्षा तोंडावर सांगणारा त्याला शेवटी परवडतो, हे त्यालाही कळतं.

मतदाराला मात्र हे नीट समजावून द्यावं लागतं. एक बटण दाबून माणूस निघायला लागला तर मतदान पूर्ण होत नाही. चारही जागांसाठी कळ दाबल्यावरच यंत्राची शेवटची लांब शिट्टी वाजते. एखाद्या जागेवर कुणीच नको असेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. वयस्कर बायकांना पुठ्ठ्यावर चार रंगाच्या पट्ट्या चिकटवून दाखवल्या की एका वेळेत कळतं. हे शिकवताना पक्ष बघायचा नाही, शेजारच्या विरोधी घरालाही शिकवायचं. आणि महापालिकेच्या यंत्राला चिठ्ठी दाखवणारा व्हीव्हीपॅट नसतो, तेही आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे "चिठ्ठी दिसलीच नाही" म्हणून केंद्रात गोंधळ होत नाही.

निम्म्या, म्हणजे ५१ जागा महिलांच्या आहेत. तिथली निराशा ठरलेल्या वळणाची असते. पत्रकावर फोटो ताईंचा, फोन उचलतो नवरा, बैठकीला बसतो दीर. याला एकच उपाय लागू पडताना पाहिला आहे. प्रचारातली निदान एक कोपरा सभा अशी घ्यायची की जिथे फक्त बायका प्रश्न विचारतील आणि ताईंनीच उत्तरं द्यायची, घरच्या पुरुषांनी गल्लीच्या तोंडाशी थांबायचं. पहिल्या दहा मिनिटांत अडखळतात. मग गटारीबद्दल, नळाबद्दल, रेशनबद्दल स्वतःचंच बोलायला लागतात, कारण पाणी भरलेलं त्यांनीच असतं. वहीत त्यांचा स्वतःचा नंबर लिहायचा आणि निवडून आल्यावरही त्याच नंबरवर फोन करायचा.

खर्चाकडे नाराज माणसाचं लक्ष हवंच. सोलापूर ड वर्गातली महापालिका, उमेदवाराची खर्चमर्यादा ९ लाख रुपये. चहा, वडापाव, रिक्षा, मंडप सगळ्याचे दर प्रशासन ठरवून देतं आणि रोजचा हिशोब द्यावा लागतो. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब दिला नाही तर तीन वर्षं अपात्र ठरवता येतं. बूथवरच्या चहाची पावतीसुद्धा त्यात धरायची. आमच्याच बूथवरचा खर्च लपवला जात असेल तर वहीत लाल शाई.

शेवटच्या दोन रात्री पाकिटांच्या. इथे बोलून काही उपयोग नसतो, करून दाखवावं लागतं. निवडणुकीतली लाच हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे गुन्हा आहे, घेणाराही त्यात येतो. यादी आपल्याकडे असते, आणि यादीशिवाय वाटप होत नाही. म्हणून त्या दोन दिवसांत खुणा केलेली यादी कुणाच्याही हातात द्यायची नाही, उमेदवाराच्या भावाच्याही नाही. "फक्त झेरॉक्स काढून देतो" म्हणाला तरी नाही. आखलेली रेषा पाळण्याची खरी वेळ ही.

मतदानाचा दिवस. साडेसात ते साडेपाच. मतदान प्रतिनिधी त्याआधी केंद्रावर पोहोचलेला हवा, कारण यंत्र तपासायचं अभिरूप (चाचणी) मतदान त्याच्यासमोर होतं. प्रत्येक उमेदवाराला किती मतं टाकली आणि तेवढीच दिसली का, मग ती पुसली का, हे बघूनच सही करायची. कंट्रोल युनिटचा आणि सीलचा क्रमांक वहीत. दर दोन तासांनी झालेल्या मतदानाचा आकडा. दुसऱ्याने आपल्या नावावर आधीच मत दिलेलं आढळलं तर मतदाराला परत पाठवायचं नाही, त्याला प्रदत्त मताचा हक्क असतो, ते मागून घ्यायचं. बाहेरचं टेबल शंभर मीटरच्या पलीकडे.

अकरा ते तीन हा घसरणीचा वेळ. उमेदवारावर मनातून रुसलेला कार्यकर्ता याच वेळेत जेवायला म्हणून घरी जातो आणि चारला परत येतो. यादीतली "पुणे" आणि "आजारी" ही नावं त्या चार तासांतच निघतात किंवा राहतात. म्हणून नाराज माणसाला कधीही एकट्याला बसवायचं नाही. त्याच्या जोडीला एक उत्साही नवखा द्यायचा, नवख्याला यादी कळत नाही आणि जुन्याला उठावंसं वाटत नाही, दोघांचं मिळून भागतं. साडेपाचला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या मिळतात, त्यामुळे सव्वापाचला शेवटची फेरी मारायची.

निकाल काहीही लागो, वही बंद करायची नसते. पडला, तर त्याच आठवड्यात दारात लिहून घेतलेल्या कामांची यादी घेऊन झोन कार्यालयात जायचं. पडलेल्या उमेदवारालाही बरोबर न्यायचं. तो येतो की नाही, यावर पुढच्या वेळचं पान ठरतं.

निवडून आला, तर आधी एक समजून घ्या. पक्षाच्या नगरसेवकांचा गट विभागीय आयुक्तांकडे नोंदवला जातो आणि १९८६ च्या अपात्रता कायद्याखाली पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकतं. त्यामुळे सभागृहात त्याने आपल्या मनाविरुद्ध हात वर केला, तर आधी पक्षादेश होता का ते विचारा. पक्षादेशाने बांधलेला माणूस आणि विकला गेलेला माणूस, दोघांचं मत कागदावर सारखंच दिसतं. पक्षादेश असेल, तर त्या ठरावाआधी पक्षाच्या बैठकीत तो काय बोलला होता ते विचारा. तिथे तो गप्प बसला असेल, तर तक्रार रास्त आहे.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी बैठक. वही समोर, एका वेळी तीनच विषय. कामाबद्दल शंका असेल तर त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागवा. उत्तराला ३० दिवस, न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. मोजमाप पुस्तिकेत काँक्रीटची जाडी लिहिलेली असते आणि रस्त्याच्या कडेला टेप लावता येते. अर्ज टाकल्याचं नगरसेवकाला आधी सांगा. मागून कळलं तर तो दुखावतो, आधी सांगितलं तर कित्येकदा कागद तोच आणून देतो.

रेषा ओलांडली गेलीच, तर सोडण्याचीही रीत आहे. आधी समोर बसून सांगायचं, साक्षीला वहीवर सही केलेले सगळे. मग आपल्या गल्लीत स्वतः जाऊन सांगायचं, कारण त्यांनी मत आपल्या तोंडाकडे बघून दिलेलं असतं. खुणा केलेली यादी घेऊन विरोधकाकडे जायचं नाही, ती फाडून टाकायची. आणि आत राहून सुरुंग लावायचा नाही. त्यात पडतो उमेदवार, पण पुढची दहा वर्षं त्या बूथवर कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही.

एरवी, निवडणूक नसलेल्या वर्षात, वहीचं शेवटचं पान मतदार नोंदणीचं. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाली का ते ज्या दिवशी मोजतात त्या तारखा, आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण झालेल्यांचा नमुना ६, मयत नाव काढायला नमुना ७, घर बदललेल्यांचा नमुना ८. दारात फिरताना जी जी नावं सापडली नव्हती ती सगळी या पानावर उतरवून घ्यायची, आणि गल्लीत पाणी येण्याचा दिवस सोडून कुठल्याही संध्याकाळी फॉर्म घेऊन निघायचं.